ब्राझीलची दुसरी फेरी: वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

२ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे आकडे आले आणि ‘४८ टक्के मिळूनही लुला निवडून कसे नाही आले?’ असे निरोप सुरू झाले. त्यानंतर ३० ऑक्टोबरला दुसरी फेरी झाली, निकाल लागला, त्यावरून रणकंदनही झालं, पण प्रश्न काही थांबले नाहीत. वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाच अर्थाचे चार असतील तर त्यातला नेटका शब्दांतला ठेवलाय. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. दुसरी फेरी म्हणजे काय? एकदा मतदान झालं की झालं, पुन्हा कशाला?

आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मतं, तो विजयी. पाच तगडे उमेदवार उभे असले तर तीस-बत्तीस टक्क्यांवरही आमदार होता येतं. ब्राझीलमध्ये राष्ट्राध्यक्षाला हे चालत नाही. त्याला वैध मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं मिळालीच पाहिजेत. पहिल्या फेरीत कुणालाच तेवढी मिळाली नाहीत, तर पहिले दोघे सोडून बाकीचे बाद होतात आणि या दोघांत पुन्हा मतदान होतं. दोघंच असल्यामुळे एकाला निम्म्याहून जास्त मिळतातच.

२०२२ मध्ये पहिल्या फेरीत माजी राष्ट्राध्यक्ष लुला यांना ४८.४३ टक्के आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जाईर बोल्सोनारो यांना ४३.२० टक्के मतं होती. सिमोन तेबेत (४.१६) आणि सिरो गोमेस (३.०४) बरेच मागे राहिले. दुसऱ्या फेरीत लुला ५०.९० आणि बोल्सोनारो ४९.१० असा निकाल लागला. फरक २१ लाख ३९ हजार ६४५ मतांचा. १९८९ साली राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक पुन्हा सुरू झाली, तेव्हापासूनचा हा सर्वांत निसटता विजय.

२. हे टक्के नेमके कशाचे?

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. टक्के काढतात ते फक्त वैध मतांचे. जे मतदानाला गेलेच नाहीत ते यात नाहीत, ज्यांनी कोरं मत दिलं ते नाहीत आणि ज्यांचं मत बाद झालं तेही नाहीत.

दुसऱ्या फेरीत मतदार यादीत १५ कोटी ६४ लाख लोक होते. त्यातले ३ कोटी २२ लाख फिरकले नाहीत. कोरी आणि बाद मिळून ५७ लाख मतं गेली. उरलेल्या सुमारे ११ कोटी ८५ लाख वैध मतांपैकी ६ कोटी ३ लाख लुलांना. म्हणजे यादीतल्या दर शंभर मतदारांपैकी साधारण ३९ जणांनी त्यांना मत दिलं. ‘निम्म्याहून अधिक ब्राझीलने लुलांना निवडलं’ असं वाक्य कुठे वाचलंत तर ते सोडून द्या. ‘अर्धा ब्राझील बोल्सोनारोंच्या मागे होता’ हेही तितकंच चूक.

पहिल्या फेरीतच जिंकायला लुलांना याच हिशेबाने आणखी साधारण साडेअठरा लाख मतं हवी होती.

३. खासदारसुद्धा दुसऱ्या फेरीत निवडतात का?

नाही. पहिल्या फेरीच्या दिवशी मतदार एकाच वेळी पाच पदांसाठी मत देतो: संघराज्याच्या कनिष्ठ सभागृहाचा सदस्य, राज्याच्या विधानसभेचा सदस्य, सिनेटर, राज्याचा गव्हर्नर आणि राष्ट्राध्यक्ष. यातल्या शेवटच्या दोन पदांनाच निम्म्याची अट आहे. बाकी तिघांचा निकाल त्याच दिवशी लागतो. गव्हर्नर राज्यातल्या मतदारांनीच निवडलेला असतो, मुख्यमंत्र्यासारखा कारभार तोच पाहतो. आपल्या राज्यपालाशी गल्लत करू नका. २०२२ मध्ये बारा राज्यांत गव्हर्नरचीही दुसरी फेरी झाली.

परिणाम असा की राष्ट्राध्यक्ष कोण हे ठरण्याआधीच संसद ठरलेली असते. २०२२ मध्ये ५१३ जणांच्या सभागृहात बोल्सोनारोंच्या लिबरल पक्षाचे ९९ सदस्य आले, सर्वांत जास्त. लुलांच्या पक्षाचे ६८, मित्रपक्ष धरून ८०. दुसरी फेरी लुलांनी जिंकली, पण संसद त्यांच्या हातात नव्हती. दुसऱ्या फेरीच्या निकालाने पूर्ण सत्ता बदलली, असं आपल्याकडच्या बातम्या वाचून वाटतं. प्रत्यक्षात लुलांना प्रत्येक विधेयकासाठी मधल्या पक्षांशी देवाणघेवाण करत बसावं लागलं.

४. यंत्रावर मत देतात कसं? चिन्हं असतात का?

चिन्ह नाही, क्रमांक. यंत्रावर टेलिफोनसारखा आकड्यांचा पट्टा असतो, कळांवर ब्रेल खुणा असतात आणि शेजारी छोटा पडदा. लुलांचा पक्ष १३, बोल्सोनारोंचा २२. तुम्ही १ आणि ३ दाबलंत की पडद्यावर लुला आणि उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार यांचे फोटो येतात. बरोबर असेल तर हिरवं बटण, चुकलं तर नारिंगी बटण दाबून पुन्हा. हिरवं दाबल्याशिवाय मत नोंदलं जात नाही. नोंदलं की यंत्र एक किणकिणता आवाज करतं.

२०२२ च्या पहिल्या फेरीत पाच पदांचे मिळून सोळा आकडे दाबायचे होते. अशा वेळी लोक क्रमांक लिहिलेली चिठ्ठी खिशात घेऊन येतात. त्याला परवानगी आहे. मोबाइलला नाही, तो मतदान कक्षात जाण्याआधी कर्मचाऱ्यांकडे द्यावा लागतो. दुसऱ्या फेरीत दोन आकडे, फार तर चार. रांग भराभर सरकते.

५. दोघंही नको असतील तर? नोटा आहे का?

पांढरं बटण आहे, त्याने कोरं मत पडतं. शिवाय कुणाचाच नसलेला क्रमांक दाबून हिरवं बटण दाबलं तर मत बाद होतं. दोन्हींचा परिणाम एकच: हिशेबातून वगळलं जातं (प्र. २). निम्म्या लोकांनी कोरं मत दिलं तर निवडणूक रद्द होते, अशी अफवा ब्राझीलमध्येही दर वेळी फिरते. तसं काही नाही. आपल्या नोटाचं जे होतं तेच त्यांच्या कोऱ्या मताचं होतं: मोजतात, जाहीर करतात आणि पुढे जातात.

एक बारकावा. पहिल्या फेरीत तेबेत यांचा क्रमांक १५ होता. दुसऱ्या फेरीत सवयीने किंवा निषेध म्हणून कुणी १५ दाबलं, तर ते बाद मत.

६. मतदान सक्तीचं आहे म्हणतात. मग दर पाचातला एक जण घरी कसा बसतो?

सक्ती आहे, पण दंड नावापुरता आहे. १८ ते ७० वयाच्या साक्षर नागरिकांना मतदान बंधनकारक. १६-१७ वर्षांची मुलं, सत्तरीपुढचे आणि निरक्षर यांना ऐच्छिक. न जाण्याचा दंड एका फेरीला जास्तीत जास्त ३.५१ रियाल, म्हणजे आपले पन्नास-साठ रुपये. गावाहून दूर असाल तर मोबाइलवरच्या अॅपमधून कारण कळवलं की तोही माफ. खरा फटका दंड न भरणाऱ्याला बसतो. त्याला पासपोर्ट मिळत नाही, सरकारी नोकरीवर रुजू होता येत नाही. सलग तीन वेळा गैरहजर राहून कारणही दिलं नाही आणि दंडही भरला नाही, तर मतदार नोंदणीच रद्द. इथे प्रत्येक फेरी वेगळी धरतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

७. पहिल्या फेरीत मत दिलं नाही, तर दुसऱ्या फेरीत देता येतं का?

हो. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही फेऱ्या स्वतंत्र आहेत. मात्र नवीन नाव नोंदवता येत नाही, यादी तीच राहते.

८. बाद झालेल्या उमेदवारांची मतं कुणाकडे जातात?

आपोआप कुणाकडेच जात नाहीत. मतदाराला पुन्हा केंद्रावर जाऊन नव्याने ठरवायचं असतं. म्हणून मधल्या चार आठवड्यांत खरं राजकारण होतं. बाद झालेले नेते पाठिंबा जाहीर करतात, त्या बदल्यात धोरणं आणि मंत्रिपदं मागतात. तेबेत लुलांसोबत गेल्या, प्रचारात उतरल्या आणि पुढे नियोजनमंत्री झाल्या. सिरो गोमेस यांनीही पक्षाचा निर्णय म्हणून लुलांना पाठिंबा दिला, पण त्यात जीव नव्हता. पहिल्या फेरीत टीव्ही-रेडिओवरचा प्रचाराचा वेळ पक्षांच्या ताकदीनुसार वाटतात, दुसऱ्या फेरीत दोघांना सारखा.

नेत्याने पाठिंबा दिला म्हणून मतदार हलतो असं नाही. २०२२ चे आकडे बघा. दोन फेऱ्यांत लुलांची मतं सुमारे ३१ लाखांनी वाढली, बोल्सोनारोंची ७१ लाखांनी. पाठिंब्याच्या घोषणा बहुतेक लुलांच्या बाजूने होत्या, वाढ मात्र समोरच्याची दुपटीहून जास्त. पहिल्या फेरीतली आघाडी मोठी होती म्हणून लुला तरले.

उलटा प्रकारही घडलाय. २००६ मध्ये लुलांच्या विरोधात दुसऱ्या फेरीत गेलेल्या जेराल्डो अल्कमिन यांना पहिल्या फेरीपेक्षा सुमारे चोवीस लाख मतं कमी पडली. दोनच उमेदवार उरलेले असताना मतं घटवणं ही कामगिरीच म्हणायची! हेच अल्कमिन २०२२ मध्ये लुलांचे उपराष्ट्राध्यक्ष झाले.

९. पहिल्या फेरीत मागे असलेला दुसऱ्या फेरीत कधी जिंकलाय का?

ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी अजून तरी नाही. १९८९, २००२, २००६, २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२ अशा सात वेळा दुसरी फेरी झाली आणि सातही वेळा पहिल्या फेरीतला पुढचाच जिंकला. १९९४ आणि १९९८ मध्ये फर्नांडो एन्रिके कार्दोसो यांनी पहिल्याच फेरीत काम संपवलं. शेजारच्या अर्जेंटिनात मात्र २०२३ मध्ये सर्जिओ मासा पहिल्या फेरीत पुढे होते आणि दुसऱ्या फेरीत हाविएर मिलेई जवळपास ५६ टक्के घेऊन गेले.

१०. पसंतीक्रम लिहून घेतला तर एका दिवसात उरकेल की. तसं का करत नाहीत?

करता येतं. आपल्या विधानपरिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत ज्यांनी १, २, ३ लिहून मत दिलंय त्यांना ही पद्धत सांगायला नको. भारताच्या राष्ट्रपतिपदाची निवडणूकही अशीच होते, आणि १९६९ साली व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावरच निवडून आले. श्रीलंकेत २०२४ मध्ये अनुरा कुमार दिसानायके यांच्या वेळी प्रथमच दुसऱ्या पसंतीपर्यंत मोजणी गेली.

माझ्या मते फरक पैशांचा किंवा वेळेचा नाही. पसंतीक्रमात तुम्ही दुसरी पसंती आंधळेपणाने लिहिता, शेवटी कोण दोघं उरणार हे माहीत नसतं. दुसऱ्या फेरीत ते दोघं समोरासमोर उभे असतात, टीव्हीवर वाद घालतात, युत्या उघड होतात आणि मग तुम्ही ठरवता. चार आठवडे देश तणावात राहतो, ही त्याची किंमत.

११. अमेरिकेसारखा राज्यांचा हिशेब असतो का?

नाही. देशभरातली मतं एकत्र मोजतात. बोल्सोनारो १३ राज्यं आणि राजधानीचा जिल्हा अशा चौदा ठिकाणी पुढे होते, लुला १३ राज्यांत. तरी लुला जिंकले, कारण ईशान्येतल्या नऊच्या नऊ राज्यांत त्यांना प्रचंड आघाडी होती. ‘मिनास जेराइस जिंकेल तो देश जिंकेल’ असं तिकडे म्हणतात आणि ते १९८९ पासून खरं ठरत आलंय. २०२२ मध्ये तिथे लुलांना ५०.२० टक्के मिळाले, देशाच्या आकड्याच्या अगदी जवळ. पण हा योगायोग आहे, नियम नाही.

१२. एवढ्या मोठ्या देशाचा निकाल तीन तासांत कसा लागतो?

यंत्रं सगळीकडे आहेत. १९९६ मध्ये सुरुवात झाली, २००० पासून देशभर. शिवाय मतदान एकाच दिवशी, कायम रविवारी. २०२२ पासून सगळीकडे राजधानी ब्रासिलियाच्या घड्याळाने सकाळी आठ ते संध्याकाळी पाच अशी वेळ ठेवली. त्यामुळे दोन तास मागे असलेल्या आक्रे राज्यात पहाटे सहाला केंद्रं उघडली. तिकडे मोजणी सुरू होते तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो.

दक्षिणेतले आकडे आधी आल्यामुळे ३० ऑक्टोबरला सुरुवातीला बोल्सोनारो पुढे होते. दोन तृतीयांश मोजणी झाली तेव्हा, तिकडच्या पावणेसातच्या सुमारास, लुलांनी त्यांना मागे टाकलं. आठ वाजायच्या आत निवडणूक न्यायालयाने (तिकडे निवडणुका तेच चालवतं) निकाल नक्की झाल्याचं सांगितलं. आकडे एकदम उलटले म्हणजे गडबड झाली, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी कुठल्या भागाची मोजणी कधी आली ते आधी पाहावं.

१३. व्हीव्हीपॅटसारखी चिठ्ठी नाही, मग विश्वास कसा ठेवायचा?

मतदाराला दिसणारी चिठ्ठी नाही, हे खरं. ती असावी यासाठी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव आला होता. १० ऑगस्ट २०२१ ला त्याच्या बाजूने २२९ आणि विरोधात २१८ मतं पडली. हवी होती ३०८, म्हणून तो पडला.

कागद अगदीच नाही असं मात्र नाही. मतदान सुरू होण्याआधी प्रत्येक यंत्रातून एक पट्टी छापतात, तिच्यावर सगळ्यांच्या नावापुढे शून्य. मतदान संपलं की त्याच यंत्रातून त्या केंद्राचा निकाल छापून निघतो, क्यूआर कोडसकट. एक प्रत केंद्रावर लावतात, पक्षांच्या प्रतिनिधींनाही देतात. यंत्र इंटरनेटला जोडलेलं नसतं. कुणीही दारावरची पट्टी आणि निवडणूक न्यायालयाच्या संकेतस्थळावरचा आकडा ताडून बघू शकतो. या पट्टीने बेरजेतली चोरी पकडता येते. यंत्राच्या आतच मत बदललं गेलं तर ती पुरत नाही, आणि चिठ्ठी मागणाऱ्यांचा मुद्दा तोच होता. त्यावर उत्तर म्हणून यंत्राचा प्रोग्राम आधी तपासायला खुला ठेवतात आणि मतदानाच्या दिवशी काही यंत्रं काढून त्यांची चाचणी घेतात.

१४. बोल्सोनारोंच्या पक्षाने यंत्रांविरुद्ध अर्ज केला होता, त्याचं काय झालं?

नोव्हेंबर २०२२ मध्ये लिबरल पक्षाने निवडणूक न्यायालयात मागणी केली की २०२० पूर्वीच्या बनावटीच्या यंत्रांवरची मतं रद्द करा. फक्त दुसऱ्या फेरीतली! न्यायालयाचे अध्यक्ष अलेक्झांद्रे दे मोराइस यांनी विचारलं की यंत्रं तर पहिल्या फेरीतही हीच होती, मग त्याही निकालांचा अर्ज २४ तासांत करा. पक्षाने केला नाही. केला असता तर स्वतःचे ९९ खासदार (प्र. ३) पणाला लागले असते. अर्ज फेटाळला गेला आणि वर २ कोटी २९ लाख रियालचा दंड बसला.

१५. मतदानाच्या दिवशी पोलिसांनी बस अडवल्या होत्या, ते खरं का?

खरं. दुसऱ्या फेरीच्या दिवशी केंद्रीय महामार्ग पोलिसांनी मतदारांना नेणाऱ्या गाड्या तपासणीसाठी थांबवल्या, आणि ईशान्येत, लुलांच्या बालेकिल्ल्यात, हे प्रमाण जास्त होतं. आदल्याच दिवशी न्यायालयाने अशा कारवायांना मनाई केली होती. प्रमुखांना त्याच दिवशी जाब विचारला गेला आणि तपासण्या थांबल्या. मतदानाची वेळ वाढवली नाही. गैरहजेरी पहिल्या फेरीपेक्षा किंचित कमीच राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये या प्रकरणात त्या दलाच्या तत्कालीन प्रमुखांना अटक झाली.

१६. दोन फेऱ्यांच्या मधे एखाद्याचा मृत्यू झाला किंवा त्याने माघार घेतली तर?

घटनेच्या ७७ व्या कलमात याची सोय आहे. उरलेल्यांपैकी ज्याला सर्वांत जास्त मतं, त्याला बोलावतात. म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचा वर चढतो आणि लढत होतेच. अर्जेंटिनात तसं नव्हतं: २००३ मध्ये पहिल्या फेरीत पुढे असलेले कार्लोस मेनेम हार दिसताच बाजूला झाले आणि नेस्तोर किर्शनेर २२ टक्क्यांवर राष्ट्राध्यक्ष झाले.

१७. अगदी समसमान मतं पडली तर?

वयाने मोठा तो विजयी. हे निवडणूक कायद्यात लिहिलंय. आपल्याकडे चिठ्ठी काढतात. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० चा निकाल तसाच लागला होता.

१८. हरलेल्याने हार मान्यच केली नाही तर?

कायद्याला त्याच्या मान्यतेची गरज नाही. बोल्सोनारो निकालानंतर जवळजवळ दोन दिवस गप्प राहिले, मग बोलले तेव्हाही पराभव झाला असं म्हणाले नाहीत. सत्तांतराचं काम सुरू झालं. ३० डिसेंबरला ते अमेरिकेत गेले, त्यामुळे १ जानेवारी २०२३ च्या शपथविधीत मावळत्या राष्ट्राध्यक्षाने नव्याच्या खांद्यावर पट्टा चढवण्याची प्रथा मोडली. तो पट्टा सामान्य नागरिकांच्या हातून पुढे आला आणि एका कचरावेचक महिलेने लुलांच्या अंगावर घातला. आठवड्याने, ८ जानेवारीला, जमावाने संसद, सर्वोच्च न्यायालय आणि राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय फोडलं. ३० जून २०२३ ला निवडणूक न्यायालयाने ५ विरुद्ध २ मतांनी बोल्सोनारोंना २०३० पर्यंत निवडणूक लढवायला अपात्र ठरवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्तापालटाच्या कटासाठी त्यांना २७ वर्षं ३ महिन्यांची शिक्षा सुनावली.

१९. मी गोव्याचा, पोर्तुगीज पासपोर्ट आहे. ब्राझीलमध्ये राहायला गेलो तर मत देता येईल का?

मडगाव-म्हापशाकडून हा प्रश्न इतक्यांदा आलाय की वेगळा घ्यावा लागला. परदेशी नागरिकाला ब्राझीलमध्ये मत नाही, याला पोर्तुगीज हा एकच अपवाद. दोन देशांच्या करारानुसार, तीन वर्षं ब्राझीलमध्ये राहिल्यावर राजकीय हक्कांसाठी अर्ज करता येतो. मंजूर झाला तर मत देता येतं, पण तोवर पोर्तुगालमधला मताधिकार स्थगित राहतो. राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहता येत नाही, ते जन्माने ब्राझिलियन असलेल्यांसाठीच. भारतीय पासपोर्टवर ब्राझीलमध्ये नोकरीला असलेल्यांना यातलं काहीच लागू नाही.

२०. २०२६ च्या तारखा कोणत्या?

तारखा सरकार किंवा आयोग ठरवत नाही, घटनेतच आहेत: पहिली फेरी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, दुसरी शेवटच्या रविवारी. म्हणजे ४ ऑक्टोबर आणि, लागलीच तर, २५ ऑक्टोबर २०२६. शपथविधी मात्र या वेळेपासून १ जानेवारीऐवजी ५ जानेवारीला. नववर्षाच्या दिवशी परदेशी पाहुण्यांना यायला अडचण होते, म्हणून २०२१ च्या घटनादुरुस्तीने तो चार दिवस पुढे नेला.